एकशे अडतीस त्साइडलर आणि मी

एकशे अडतीस माणसं. त्रेपन्न गाड्या. सफरचंदाच्या झाडांखाली मांडलेली चौदा लांब टेबलं. कॉफीचे नऊ थर्मास. प्रत्येकाच्या छातीवर एक चिठ्ठी, आणि एकशे अडतीस चिठ्ठ्यांवर एकच आडनाव: त्साइडलर. एका टेबलाच्या टोकाला मधाच्या एकतीस बरण्या. आणि कुंपणापाशी चार दगडांवर उभा असलेला मी.

मित्रांनो, आठ जूनच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता ट्रेबेनाउ गावातल्या आमच्या बागेत एवढं सगळं होतं. मी ते नीट मोजलं, कारण मला दुसरं काम नसतं. माझ्या पोटात चाळीस हजार जणी राबत असतात. मी फक्त उभा असतो.

मी पाइनच्या झाडाचा एक जुना, पोकळ ओंडका आहे, आणि मधमाशांचं घर आहे. उंची एक मीटर ब्याऐंशी सेंटीमीटर. भिंतीची जाडी नऊ सेंटीमीटर. मला कोरून माणसाचा आकार दिलेला आहे. डोक्यावर हिरवी टोपी, खाली दाढी, कमरेला पट्टा. पट्ट्याच्या बकलाच्या जागी एक आडवी चीर आहे, माशा तिथूनच ये-जा करतात. माझ्या पाठीला एक अरुंद उभी फळी बसवलेली आहे. ती काढली की आतली पोळी दिसतात. उजव्या मुठीत पूर्वी लाकडी धनुष्य होतं. एका कडक हिवाळ्यात ते तडकून पडलं. आता नुसती मूठ उरली आहे, त्यामुळे मी कुणाशी तरी भांडायला निघालोय असं लोकांना वाटतं.

ओंडका होण्याआधी मी जर्मनीच्या पूर्वेकडल्या लाउझित्सच्या रानात उभा होतो. माझ्या खोडात, जमिनीपासून सहा मीटरवर, एका माणसाने कुऱ्हाडीने पोकळी खणली होती. दर वसंतात तो दोराने वर चढायचा, धूर करायचा आणि लांब पात्याच्या सुरीने मधाची पोळी कापून घ्यायचा. सगळी कधीच नाही. माशांपुरती ठेवून. त्याच्या वडिलांनी, आज्याने, त्याच्याही आज्याने हेच केलं होतं. अस्वलं यायची म्हणून पाठीला धनुष्य असायचं. रानातल्या झाडांवरचा मध असा कापण्याला तिथल्या बोलीत ‘त्साइडेल्न’ म्हणत, आणि तो कापणाऱ्याला त्साइडलर.

ते आडनाव कसं झालं हे त्या घराण्यात असं सांगतात. गावात हान्स नावाचे चार जण होते. जमीनदाराचा कारकून यादी करायला आला आणि वैतागला. “अरे, कुठला हान्स?” त्याने विचारलं. “तो हो, झाडावर चढून मध कापणारा,” कुणीतरी म्हणालं. कारकुनाने तसं लिहून टाकलं. हान्स मेला, पण यादी मेली नाही. त्याच्या मुलाच्या नावापुढे तेच आलं, नातवाच्या पुढेही तेच आलं.

पुढे एका वादळात मी आडवा झालो. तेव्हाच्या त्साइडलरने माझा मधला तुकडा कापून घरी आणला, पोकळी मोठी केली, आणि दोन हिवाळे बसून मला टोपी, दाढी आणि धनुष्य दिलं. त्याला सव्वादोनशे वर्षं झाली.

तो काळ माझ्या मानाचा होता. चर्चमध्ये आमच्या मेणाच्या मेणबत्त्या जळत. मग साखर स्वस्त झाली. मेणबत्त्या गेल्या, दिवे आले. झाडांना भोकं पाडायला वनखात्याने बंदी केली. नंतर कोळशाच्या खाणी आल्या आणि रानच कमी झालं. त्साइडलरांची मुलं खाणीत गेली, रेल्वेत गेली, दूरच्या शहरांत गेली. काम सुटलं. नाव मात्र परत करायची सोय नव्हती, म्हणून ते बरोबर गेलं. आज जर्मनीत या नावाची काही हजार माणसं आहेत. मुली ते लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात ठेवून जात.

आमच्या गुडरूननेही, या बागेच्या मालकिणीनेही, तेच केलं. बाविसाव्या वर्षी ती गुडरून नोआक झाली. पण लांब पात्याची सुरी वडिलांच्या हातून तिच्याच हातात आली, कारण तिचे दोन्ही भाऊ माशांना घाबरायचे.

आमच्याकडे एक रीत आहे. घरात कुणी गेलं, कुणी जन्मलं, की माशांना सांगायचं. घराची किल्ली घ्यायची, माझ्या छातीवर तीनदा वाजवायची आणि मग बोलायचं. नाही सांगितलं तर माशा रुसून निघून जातात. अकरा वर्षांपूर्वी म्हातारे ट्राउगोट त्साइडलर वारले तेव्हा भाऊ म्हणाले, हे त्साइडलरानेच सांगायला हवं. मग दोघंही बागेच्या फाटकापाशी थांबून एकमेकांकडे बघत राहिले. गुडरून किल्ली घेऊन सरळ आली. टक, टक, टक. “बाबा गेले,” ती म्हणाली. “आता मी आहे. कुठे जाऊ नका.”

माशा राहिल्या. तेव्हापासून ती मला सगळंच सांगते. नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन, शेजारणीचं कुत्रं, बटाट्याला लागलेली कीड. म्हणून बागेबाहेरचंही मला कळतं.

आता त्या शनिवारकडे येतो.

देशभरातल्या त्साइडलरांना एकत्र जमवायची कल्पना कासेल शहरातल्या डॉक्टर एकेहार्ट त्साइडलरांची. ते निवृत्त इतिहास-शिक्षक. तीस वर्षं त्यांनी या एका आडनावाचा अभ्यास केला होता. त्यांचा-गुडरूनचा रक्ताचा संबंध काही सापडत नव्हता, तरी ते तिला “आपल्या घराण्यातल्या” म्हणत. ती म्हणायची, “मी नोआक.”

एकेहार्टनी दोन झाडांच्या मधे देशाचा नकाशा टांगला होता. प्रत्येक त्साइडलर कुटुंबामागे एक टाचणी. पूर्वेला आणि दक्षिणेला टाचण्यांची गर्दी, उत्तरेकडे वर जावं तशी विरळ. मग खुर्चीवर चढून त्यांनी जमलेल्यांचे धंदे वाचून दाखवले. शिक्षक एकोणीस, परिचारिका अकरा, बस चालवणारे सहा, दाताचे डॉक्टर चार, एक पाणबुड्या. लोक टाळ्या वाजवत होते.

“आणि मधमाशा पाळणारे?” मागून कुणीतरी ओरडलं.

एकेहार्टनी कागद उलटून पाहिला. “शून्य,” ते म्हणाले, आणि सगळे मोठ्याने हसले.

गुडरून तेव्हा स्वयंपाकघरात होती. चौथा केक भट्टीतून काढत होती. जुन्या ओंडक्यासोबत सगळ्यांना फोटो काढता यावा म्हणून तिने बाग दिवसभरापुरती दिली होती आणि एकच अट घातली होती: ओंडक्याला हात लावायचा नाही. त्यांनी हात लावला नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. बोलावणं पाठवताना एकेहार्टनी लिहिलं होतं की नावाची आठवण म्हणून प्रत्येक घराने मधाची एक बरणी आणावी. एकतीस घरांनी आणली, वाटेतल्या दुकानांतून. आता त्या बरण्या बघून त्यांचं मन भरून आलं. माझ्या पायाशी माशांच्या पाण्याची लाकडी परात असते. “प्रत्येक बरणीतला एक चमचा,” ते म्हणाले, “आपल्या पूर्वजांच्या माशांना!” एकतीस जण रांगेत आले, वाकले आणि परातीत मध ओतून गेले. एका आजोबांनी टोपी काढली. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. दुकानातला मध दहा देशांतून येतो. माणसाला त्याने काही होत नाही. पण त्यात अळ्या सडवणाऱ्या रोगाचे बीजाणू असू शकतात, आणि ते चाळीस-चाळीस वर्षं जिवंत राहतात. माशा तो मध पोटातून घरी नेतात आणि आपल्या पिल्लांना भरवतात. पिल्लं कोषातच सडून तपकिरी चिकट लापशी होतात. माशा पाळणाऱ्याला हे पहिल्या दिवशी शिकवतात.

पहिली माशी परातीवर उतरली. घरी जाऊन तिने नाचून पत्ता सांगितला. पाच मिनिटांत परात काळी झाली.

गुडरून केक घेऊन बाहेर आली ती चाळीस मिनिटांनी. तिने परात पाहिली. केक तिने गवतावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग धावत येऊन टेबलावरची चादर ओढली, कप खळाखळा फुटले, आणि ती चादर परातीवर टाकली.

“कुणी केलं हे?”

“अहो नोआकबाई, ही एक प्रथा...” एकेहार्ट म्हणाले.

“कुठली प्रथा? कधीपासूनची?”

“तशी... आजपासूनची.”

“दुकानातला मध?” तिचा आवाज एकदम खाली आला. “एकतीस बरण्यांतला? एकत्र करून?”

“पण मधच आहे ना! माशांना मधच तर...”

“एकशे अडतीस त्साइडलर,” ती म्हणाली, “आणि एकालाही माहीत नाही! तुमच्यापेक्षा तो पाणबुड्या बरा, तो निदान पाण्याखाली गप्प तरी बसतो.”

कुणी हसलं नाही. पाणबुड्याही नाही. तासाभरात त्रेपन्न गाड्या निघून गेल्या.

त्यानंतरचे दिवस, मित्रांनो, कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत. गुडरून रोज सकाळी माझ्या पाठीची फळी काढायची, टॉर्च मारायची, नाकाने वास घ्यायची. तो रोग आला की वितळलेल्या सरसासारखा वास येतो. मग आगपेटीतली काडी घेऊन एखाद्या खचलेल्या कोषात टोचायची आणि हळूहळू बाहेर ओढायची. तार निघाली तर रोग. तार निघत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टोचायची. मी माझ्या आतल्या गुणगुणण्याकडे कान लावून बसायचो. ते कालच्यापेक्षा हळू झालंय का? झालंय असं वाटायचं. मग वाटायचं, नाही.

अकरा जूनला फाल्क कुबित्स आला. तो जिल्ह्याचा मधमाशा-तपासनीस. माशा पाळायला म्हाताऱ्या ट्राउगोटच्या हाताखाली शिकलेला. पाण्यात उकळलेल्या चमच्याने त्याने पिल्लांच्या कडेचा मध खरवडून बाटलीत घेतला आणि प्रयोगशाळेला पाठवला.

“पेटी असती तर एवढी काळजी नव्हती,” तो म्हणाला. “पेटीच्या चौकटी काढता येतात, पेटी धुता येते. हा ओंडका! याच्या भेगांत मी काय धुणार, नोआकबाई?”

“तू याच्याच सावलीत बसून जेवायचास.”

“म्हणून तर जिवावर आलंय.”

चोवीस तारखेला तो अहवाल घेऊन आला. प्रयोगशाळेत मध तीन तबकड्यांवर पसरतात, सहा दिवस उबेत ठेवतात आणि उगवलेले ठिपके मोजतात. एकेक ठिपका म्हणजे त्या रोगाच्या जिवाणूंचा पुंजका. आमच्या तबकड्यांवर सहा, नऊ आणि चार ठिपके होते.

“शंभराच्या वर असते तर आजच जाळावं लागलं असतं,” फाल्क म्हणाला. “हे थोडे आहेत. पिल्लं अजून धड आहेत. एक संधी देता येईल. सगळी पोळी काढून जाळायची, माशांना तीन दिवस उपाशी अंधारात ठेवायचं, म्हणजे पोटातला मध संपेल. ओंडका आतून आगीने भाजून काढायचा. ऑगस्टच्या शेवटी दुसरा नमुना.”

“आणि त्यात ठिपके आले तर?”

“एक जरी आला तरी ओंडका आणि माशा, दोन्ही जाळायचे.” त्याने टोपी काढून पुन्हा घातली. “मला सही करावी लागेल, नोआकबाई. मी करीन.”

“कर,” ती म्हणाली. “तू नाही केलीस तर मी दुसऱ्याला बोलावीन.” हे ती माझ्यासमोर बोलली. मला वाईट वाटलं नाही. आजूबाजूच्या तीन गावांत माशांची पन्नास-साठ घरं आहेत, रोग तिथेही पोचला असता.

सत्तावीसच्या सकाळी फाटकापाशी एक गाडी थांबली. एकेहार्ट. पहाटे निघून पाच तास गाडी चालवत आले होते. अंगात पांढरा शर्ट, हातात फाइल.

“मी त्या एकतीसही घरांना पत्रं लिहिली,” ते म्हणाले. “सत्तावीस उत्तरं आली. बरणीवरच्या चिठ्ठ्यांचे फोटो आहेत. एकूण नऊ देश. आपल्याला शोधता येईल की कुठल्या बरणीतून...”

“शोधून काय करणार? फाशी देणार?”

त्यांनी फाइल मिटली. “मग मी काय करू?”

गुडरूनने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “शर्टाच्या बाह्या मनगटाशी बांधा. बादली धरा.”

फाल्कने धूर केला. माशा ब्रशने झाडून एका जाळीच्या खोक्यात घेतल्या, राणी माशीला शेवटी. माझं गुणगुणणं थांबलं. माझ्यात एवढी शांतता मी झाड असतानाही नव्हती. मग गुडरूनने वडिलांची सुरी काढली. उकळत्या पाण्यात बुडवली आणि खांद्यापर्यंत हात आत घालून पोळी मुळापासून कापायला लागली. एकेक पोळं बादलीत पडत होतं. चुकार माशा एकेहार्टना चावत होत्या. त्यांनी बादली सोडली नाही. ते सुरीकडे बघत होते.

“म्हणजे हे ते,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “त्साइडेल्न.”

“हेच ते. बादली सरळ धरा.”

“तीस वर्षं मी हा शब्द...” त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. “मी कधी पाहिलंच नव्हतं.”

“तुमच्या आज्याने थोडी ठेवली असती माशांपुरती,” ती म्हणाली. “आज काहीच ठेवायचं नाही. एवढाच फरक.”

बागेच्या टोकाला खड्डा खणून पोळी जाळली. मेण फार भडकून जळतं. मग फाल्कने गॅसची ज्योत माझ्या पाठीतून आत घातली. मित्रांनो, ज्या लाकडाला दोन शतकं मेणाचा वास होता त्याला आता जळण्याचा वास आला. मी तडतडलो. एक नवी भेग गेली, मानेपासून पट्ट्यापर्यंत. फाल्क दर मिनिटाला ज्योत बाहेर काढून हात लावून बघत होता, आणि “बस, म्हाताऱ्या, बस” असं म्हणत होता. तो हे मला म्हणत होता की स्वतःला, ते सांगता येत नाही.

निघताना एकेहार्टनी आपले डंख मोजले. सात. गुडरूनने त्यांना डंखांवर चोळायला कांदा कापून दिला आणि केकचा तुकडा कागदात बांधून दिला.

तीन दिवस मी रिकामा होतो. तळघरात, जाळीच्या खोक्यात, माशा उपाशी होत्या. चौथ्या संध्याकाळी गुडरूनने त्यांना माझ्यात ओतलं आणि साखरेचं पाणी दिलं. रात्रभर मला वाटत राहिलं की जळक्या वासाने त्या निघून जातील. सकाळी काळ्या भिंतीवर मेणाची एक पांढरी रेघ होती, बोटभर लांब.

जुलै गेला. भरपूर मध देणाऱ्या लिंडनच्या झाडांचा फुलोरा हुकला होता. ऑगस्टमध्ये माळावरची झुडपं जांभळी झाली आणि माशा गडद परागाने माखून यायला लागल्या. पिल्लं होती. गुडरून काडी टोचायची, ओढायची, श्वास सोडायची. कुंपणापाशी लाकडाचा ढीग रचून ठेवलेला होता, फाल्कने सांगितलं होतं म्हणून. तो मला दिवसभर दिसायचा. सव्वीस ऑगस्टला उकळलेला चमचा पुन्हा आला आणि बाटली गेली.

या वाट बघण्याच्या दिवसांत मी पुष्कळ विचार केला. त्या एकतीस जणांवर माझा राग नाही. ते वाकले होते ते प्रेमानेच. पण ज्याचं नाव आपण लावतो ते काम एकदा तरी जवळून पाहावं, असं मला वाटतं. आणि तुम्हाला माझी एक विनंती आहे. ती साधीच आहे. मधाची रिकामी बरणी टाकण्याआधी गरम पाण्याने धुवा आणि झाकण घट्ट लावा. माशांना विकतचा मध कधी ठेवू नका. त्यांना काही द्यावंसं वाटलं तर फुलझाड लावा. आमच्यासारखी जुनी घरं मोडतात ती नेहमी वादळानेच मोडतात असं नाही. कधी एक चमचा पुरतो.

नऊ सप्टेंबरला, दुपारी, फाटक वाजलं. गुडरून एकटी आली. एका हातात बंद पाकीट, दुसऱ्या हातात घराची किल्ली. ती माझ्यासमोर उभी राहिली. तिने किल्ली माझ्या छातीवर वाजवली, नव्या भेगेच्या अगदी जवळ. टक, टक, टक. मग पाकीट फाडलं आणि मोठ्याने वाचलं.

“नमुना दुसरा. मालक, नोआक, गुडरून. तबकड्या तीन. सहा दिवसांनंतर ठिपके: शून्य, शून्य, शून्य.”